रिपोर्ट खराब यावा म्हणून

"आवाज ऐकू आला की लगेच बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी."

मी माइकमध्ये तिसऱ्यांदा सांगितलं. काचेपलीकडे बसलेल्या माणसाने मान हलवली. मी बटण दाबलं. बोट वर आलं नाही. आवाज पाच डेसिबलने वाढवला. नाही. आणखी पाच, आणखी पाच. शेवटी पन्नासवर बोट वर आलं, तेही अर्धवट. तोच सूर दहा मिनिटांनी पुन्हा दिला तर बोट तिसावर आलं. डावा कान घेतला. तिथेही तोच प्रकार.

मी पेन खाली ठेवलं. असं होत नाही. कान चांगला असो की खराब, तो एकाच दिवशी दोन वेगवेगळी उत्तरं देत नाही. पाच डेसिबल इकडेतिकडे ठीक आहे. वीस म्हणजे काहीतरी घोटाळा आहे.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. घाटकोपरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ऑडिओलॉजिस्ट होते. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे कान तपासणारा डॉक्टर नव्हे. कानाच्या आत बघतो तो ईएनटी सर्जन. ऐकू किती येतं ते मोजतो आम्ही. एक जाड दाराची, आवाज न येणारी खोली असते, तिला बूथ म्हणतात. पेशंटला हेडफोन लावून आत बसवायचं, बाहेरून मशीनवर वेगवेगळे सूर द्यायचे आणि त्याला ऐकू आलेला सगळ्यात बारीक आवाज आलेखावर मांडायचा. पंचवीस डेसिबलपर्यंत नॉर्मल. पन्नास म्हणजे समोरचा नेहमीच्या आवाजात बोलला तरी धड कळत नाही. बूथमध्ये पंखा चालत नाही, त्यामुळे पेशंट घामाघूम होऊन बाहेर येतो आणि आधी पाणी मागतो.

या माणसाने पाणी मागितलं नाही. बाहेर येऊन उभा राहिला. नाव विजय परब म्हणू या, नावं मी बदलली आहेत. वय एकोणतीस. भांडुपच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कामाला, म्हणजे जिथे पत्रे दाबून भाग काढतात तिथे. राहायला मुलुंडला. दाढी दोन-तीन दिवसांची. पट्ट्याला घरीच खिळ्याने पाडलेलं नवं भोक.

मी खाली मान घालून लिहीत होते. मान वर न करता, अगदी हळू म्हणाले, "तेवढा पंखा लावा."

तो पाठमोरा होता. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो वळला आणि त्याने भिंतीवरचं बटण दाबलं.

पन्नास डेसिबलवाल्या माणसाला ते ऐकू यायला नको होतं.

मी त्याला परत आत बसवलं आणि शब्दांची टेस्ट घेतली. यात सूर नसतात. आपण माइकमध्ये साधे शब्द बोलायचे, पेशंटने ते परत म्हणायचे. भाकर. खिडकी. चमचा. बादली. आवाज मी कमी करत करत वीस डेसिबलवर आणला. प्रत्येक शब्द त्याने अचूक परत म्हटला. सावकाश, कंटाळलेल्या आवाजात, पण अचूक.

म्हणजे सूर ऐकू येत नाहीत आणि शब्द येतात. आमच्या भाषेत याला फंक्शनल म्हणतात. कान शाबूत आहे, पण माणूस ऐकू येत नसल्यासारखा वागतो. याची दोन कारणं असतात. एक तर तो सोंग करतो. नाही तर त्याचं त्यालाच कळत नसतं.

आमचे हेड डॉ. सबनीस यांना दुसरं कारण फारसं मान्य नव्हतं.

"मॅलिंगरिंग," ते म्हणाले. मॅलिंगरिंग म्हणजे आजाराचं सोंग. त्यांच्यासमोर कंपनीच्या मेडिकल ऑफिसरचं पत्र होतं. "वाचा गोरे. फोरमनने तीनदा हाक मारली, हा हलला नाही. लोखंडी ट्रॉली अंगावरून जायची राहिली. आता म्हणतो, मला ऐकूच आलं नाही. मशीनच्या आवाजाने कान गेले असं लिहून हवं असेल त्याला. गेल्या वर्षी असे चार आले होते."

"सर, मशीनच्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीतले, टोकदार सूर जातात. आलेखाला तिथे खड्डा पडतो. याचा आलेख सपाट आहे."

"बरोबर. सोंग करणाऱ्याला ते कुठे माहीत असणार? लिहा रिपोर्ट."

"मला एकदा रिपीट करू द्या. गुरुवारी बोलावते."

"काय फरक पडणार आहे?"

"पडला नाही तर तुम्ही म्हणता ते लिहीन."

सबनीस सर कडक होते, पण हट्टी नव्हते. "गुरुवार," म्हणाले. "शुक्रवारी कंपनीचा माणूस कागद न्यायला येणार आहे."

बाहेर बाकावर परबची बायको आणि आई बसल्या होत्या. आई मालवणची, नऊवारीतली. मला बघताच उठल्या. "ल्हानपणी तेचो कान फुटलेलो, बाय. तेव्हापासूनच आसतला." सबनीस सरांनी कान आधीच बघितला होता. पडद्यावर जुना डाग होता, पण पडदा बंद आणि चांगला होता. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

मग परबच्या आई त्याला घेऊन औषधाच्या खिडकीकडे गेल्या आणि मी सुनेला आत बोलावलं. सुजाता. चोवीस वर्षांची, चिपळूणकडची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. जवळच्या बालवाडीत शिकवायची. नीट, स्पष्ट बोलणारी मुलगी.

"कधीपासून ऐकू येत नाही यांना?"

"दिवाळीच्या आधीपासून. आधी दोनदा हाक मारावी लागायची. आता चार-चारदा."

"घरी रेडिओ आहे?"

"ट्रान्झिस्टर आहे."

"मोठ्याने लावतात?"

तिने विचार केला. "नाही. मी लावला की बंद करतात. आवाज नको म्हणतात. परवा कुकरच्या शिटीला दचकले."

ऐकू न येणारा माणूस आवाज वाढवतो. सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतका वाढवतो. हा आवाजापासून पळत होता.

"जेवण?"

"अर्धं. मॅडम, बांगड्याचं तिखलं ताटात ठेवून उठतात. मालवणी माणूस कधी असा उठतो का?"

"झोप?"

"पहाटे चारला जागे असतात. नुसते पडून असतात."

मी लिहीत होते. मग पर्सच्या चेनशी खेळत तिने विचारलं, "मॅडम, रिपोर्ट खराब येईल ना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पेशंटचे लोक विचारतात, चांगला येईल ना?

"खराब यावा असं तुला वाटतं?"

"हो." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "खराब आला तर यांना ऐकू येत नव्हतं असं होईल. मग ते बोलत नाहीत ते कानामुळे. चांगला आला तर... तर त्यांना सगळं ऐकू येतं आणि तरी ते मला उत्तर देत नाहीत."

मी पेन ठेवलं.

"आणखी काही आहे का?"

तिने भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघितलं. मग एका दमात बोलली. आठ महिने झाले, हे पाठ करून झोपतात. आधी असं नव्हतं. घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच, सासूबाई स्वयंपाकघरात झोपतात, तरी आधी आम्ही कुजबुजत बोलायचो, हसायचो. आता हात लागला तरी सरकतात. मी नवीन गाऊन आणला. केस कापून घेतले. काही नाही. सासूबाई म्हणतात, नवऱ्याला धरून ठेवता येत नाही तुला. भावाला पत्र टाकलं आहे. तो रविवारी मला न्यायला येतोय.

"कायमची?"

"बघू म्हणाला. पण कायमचीच."

मी तिला फक्त एवढंच सांगितलं, की गुरुवारी तूही ये आणि सासूबाईंना घरी ठेव.

गुरुवारी परब वेळेवर आला. मी त्याला बूथमध्ये बसवलं. पेशंटला आम्ही नेहमी जरा तिरकं बसवतो, म्हणजे मशीनवरचा आपला हात त्याला दिसत नाही. सुजाता माझ्या बाजूला स्टुलावर बसली. मी पहिला सूर दिला, तीस डेसिबलचा. बोट आलं नाही. सवयीने माझा हात पुढच्या आकड्याकडे गेला आणि तेवढ्यात बोट वर आलं.

मी हात मागे घेतला. पुन्हा तीस दिलं आणि काहीही न करता मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. एक सेकंद. दोन. तीन. चार. बोट वर आलं.

पंचवीस दिलं. पाच सेकंदांनी बोट वर. वीसला चार. पंधरालाही आलं.

चूक त्याची नव्हती, माझी होती. नेहमीचा पेशंट एका सेकंदात उत्तर देतो. माझा हात त्या वेगाला बसलेला होता. दोन सेकंद वाट बघायची आणि आवाज वाढवायचा. याचं बोट कधी पाचव्या, कधी दहाव्या सेकंदाला यायचं, तोवर मी कितीतरी पायऱ्या पुढे गेलेली असायची. आलेख मी माझ्या घाईचा काढला होता. शब्दांच्या टेस्टमध्ये मात्र त्याने तोंड उघडेपर्यंत मला थांबावंच लागलं होतं, म्हणून ती बरोबर आली होती.

दोन्ही कान नॉर्मल होते. स्वच्छ पंधरा डेसिबल.

आता हे बायकोच्या समोर सांगायचं होतं. मी माइक चालू केला.

"परब, तुमचे कान उत्तम आहेत. सगळं ऐकू येतं तुम्हाला."

पाच-सहा सेकंद गेले. आतला माइकही चालू असतो, आत बोललेलं बाहेरच्या हेडफोनमध्ये ऐकू येतं.

"हो," तो म्हणाला. "माहीत आहे."

"मग बोट वर का नाही केलं?"

"करत होतो. करायचं ठरवून हात उचलायला वेळ लागतो. कशाला उचलायचा, असं वाटतं."

"असं घरीही होतं?"

तो गप्प झाला. मी म्हणाले, "परब, तुमची मिसेस इथे माझ्याजवळ आहे. तुम्ही बोलाल ते तिला ऐकू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नको असेल तर मी तिला बाहेर पाठवते."

या वेळी फार वेळ गेला. सुजाता उठायला लागली. मी हाताने तिला थांबवलं.

"असू दे तिला," तो म्हणाला.

मी एक हेडफोन तिला दिला.

तो काचेकडे बघत नव्हता. समोरच्या भोकाभोकांच्या भिंतीकडे बघून बोलत होता. त्या खोलीत बाहेरचा काही आवाज येत नाही, कोणी तोंडाकडे बघत नाही, मधे कोणी बोलत नाही. मी इतकी वर्षं ती खोली वापरली, पण माणसाला तिथे बोलणं सोपं जाईल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"ती विचारते, भाजी कुठली करू. मला ऐकू येतं. उत्तर पण माहीत असतं. पण ते तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर ती परत विचारते. मग तिसऱ्यांदा. मग चिडते. मग उठून जाते. ती गेल्यावर मला उत्तर येतं. आता जाऊन काय सांगायचं भेंडी कर म्हणून?"

सुजाताने ओठ घट्ट मिटले होते.

"कंपनीत पण तेच. फोरमनचा आवाज आला. ट्रॉली पण दिसली. सरकायला पाहिजे ते कळलं." तो थांबला. "पाय हलले नाहीत."

मी सुजाताकडे माइक सरकवला. एकच गोष्ट सांगितली, "एक प्रश्न विचार आणि मग कितीही वेळ लागो, बोलू नकोस."

तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "मला का नाही सांगितलंत?"

मी घड्याळ बघितलं. दहा सेकंद झाले. पंधरा. तिचं तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं. वीस.

"काय सांगणार होतो?" तो म्हणाला. "जवळ आलो तर मला काही वाटत नाही. तुझ्यामुळे नाही. मला कशानेच काही वाटत नाही. बांगडा तोंडात घातला तर पुठ्ठा चावल्यासारखा लागतो. तुला ते कळलं असतं. म्हणून तिकडे तोंड करून झोपतो."

"मला वाटलं मी आवडत नाही तुम्हाला."

पुन्हा थांबणं. "तू आवडतेस, हे मला आठवतं. वाटत नाही, पण आठवतं."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं आणि हेडफोन नीट केला. ती मुलगी टेस्ट सोडून उठणाऱ्यातली नव्हती.

यापुढचा प्रश्न मला विचारायचा होता आणि तो माझ्या कामाचा नव्हता. पण शेजारच्या वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरने मला एकदा सांगितलं होतं, की असा माणूस समोर आला तर सरळ विचारावं, विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. मी सुजाताला बाहेर जायला सांगितलं, माइक जवळ घेतला.

"परब, जगणं नको असं वाटतं का?"

या वेळी उत्तर लवकर आलं. "रोज सकाळी."

"काही ठरवलंय का?"

"नाही. पण ट्रॉली येत होती तेव्हा... बरं वाटलं होतं."

मी उठले, बूथचं दार उघडलं आणि त्याला म्हणाले, "आता तुम्ही घरी जायचं नाही. माझ्याबरोबर यायचं." सुजाताला आणि आमच्या आयाबाईंना त्याच्याजवळ बसवलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेले.

मनोविकाराची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी असायची. त्या दिवशी गुरुवार. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. वागळे त्याच मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये उपमा खात होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते मधे एकदाच बोलले, "ट्रॉलीचं तो स्वतः म्हणाला?" मी हो म्हटलं. त्यांनी बशी तशीच ठेवली आणि माझ्याआधी जिना उतरले.

ते परबशी तासभर बोलले. मग सुजाताला आणि मला बोलावलं.

"डिप्रेशन आहे," ते म्हणाले. "लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे रडणं. हा रडत नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. यात माणूस मंद होतो. बोलणं, चालणं, भूक, झोप, बायकोची ओढ, सगळं मंद होतं. हा आजार आहे, स्वभाव नाही. गोळ्यांनी उतरतो. पण गोळ्यांचा गुण यायला तीन आठवडे लागतील आणि त्याआधी तोंड कोरडं पडेल, झोप येईल. तेव्हा सोडायच्या नाहीत. गोळ्या तुमच्याजवळ ठेवायच्या, मोजून द्यायच्या. हे तीन आठवडे त्यांना एकटं सोडायचं नाही."

"कशाने झालं?" सुजाताने विचारलं. "नोकरी पक्की आहे. घरात भांडण नाही. माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे नाही. कधी कारण सापडतं, कधी नाही. मलेरिया झाला तर डास कुठला होता ते शोधत बसता का?"

तिथून मी सबनीस सरांकडे गेले. आलेख त्यांच्या टेबलावर ठेवला.

"नॉर्मल," ते म्हणाले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. सोंग."

"सर, सोंग करणाऱ्याला फायदा हवा असतो. याला काय हवंय? आज सरळ विचारल्यावर ऐकू येतं म्हणून त्यानेच सांगितलं."

"तुम्ही कान मोजता गोरे. मन मोजत नाही."

"म्हणूनच वरून डॉ. वागळ्यांना आणलं."

त्यांनी वागळ्यांची चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. ट्रॉलीच्या वाक्याशी थांबले. मग स्वतःचं पेन काढलं आणि कंपनीला पत्र लिहायला घेतलं. ऐकू येणं नॉर्मल. पेशंट दुसऱ्या आजारासाठी आमच्या उपचाराखाली आहे. एक महिना रजा. त्यानंतर दोन महिने मशीनवर उभं करू नये. आजाराचं नाव त्यांनी लिहिलं नाही. त्या काळी ते लिहिलं असतं तर नोकरी गेली असती.

"मॅलिंगरिंग लिहिलं असतं तर सोमवारी चार्जशीट मिळाली असती त्याला," ते म्हणाले. चार्जशीट म्हणजे नोकरीवरून काढण्याची पहिली पायरी. पत्राची घडी घालत ते पुढे म्हणाले, "रिपीट टेस्टचे किती पैसे घेतले?"

"घेतले नाहीत."

"बरं केलंत. पुढच्या वेळी पहिली टेस्ट नीट घ्या."

रविवारी भाऊ आला. सुजाताने त्याला जेवायला घातलं आणि परत पाठवलं. "रिपोर्ट चांगला आला म्हणून राहिले," असं तिने त्याला सांगितलं. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही.

सगळ्यात मोठी अडचण सासूबाईंची होती. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं. त्या थेट माझ्या खोलीत आल्या. "माझ्या झिलाक येड लागूक नाय," म्हणाल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मी समजावून थकले. शेवटी वागळ्यांनी तोडगा काढला. परबला त्यांनी माझ्या खोलीत येऊन बघायला सुरुवात केली. कानाच्या ओपीडीत गेलं तर म्हातारीची हरकत नव्हती. तिची समजूत अशी राहिली की कानाच्या नसेवर गोळ्या चालू आहेत. मी ती समजूत दुरुस्त केली नाही. ते बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण गोळ्या पोटात जात राहिल्या.

सुजाताला मी माझ्या कामातली एक गोष्ट शिकवली. ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या आयांना आम्ही ती सांगतो. एका वेळी एकच प्रश्न. विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे. तोच प्रश्न परत विचारायचा नाही. वागळ्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती दोघांना एकत्र बसवून. काही दिवस शरीरसंबंधाचा विषयच बाजूला ठेवा. तो झाला पाहिजे असं दोघांनीही मनात धरायचं नाही. शेजारी बसा, हात हातात घ्या, डोक्याला तेल लावा. ऐकून परबच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आठ महिने तो रोज एका परीक्षेत नापास होत होता आणि कोणीतरी ती परीक्षाच रद्द केली होती.

सरळ मात्र काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात त्याने गोळ्या थांबवल्या. झोप येते, पोट साफ होत नाही, बरं वाटतंय, आता कशाला? आठ दिवसांत पुन्हा भिंतीकडे तोंड. सुजाता एकटी माझ्याकडे आली आणि या वेळी ती रडली नाही, भडकली.

"दहा आकडे मोजून मोजून मी वेडी होईन, मॅडम. मी पण माणूस आहे. माझ्याशी कोण बोलणार?"

मी वागळ्यांना विचारलं. ते म्हणाले, तिला आठ दिवस माहेरी पाठवा. मला वाटलं गेली की परत येणार नाही. परबच्या धाकट्या बहिणीला ठाण्याहून बोलावलं, गोळ्या पुन्हा सुरू करून तिच्याकडे दिल्या आणि सुजाता चिपळूणला गेली. आठव्या दिवशी परत आली. परब तिला आणायला एसटी स्टँडवर गेला होता. तिने सांगितलं नव्हतं, तो आपणहून गेला होता. ही गोष्ट तिने मला तीन वेळा सांगितली.

हळूहळू बातम्या येऊ लागल्या. मार्व्याहून होडीने मनोरीला गेलो, तिकडे त्यांनी स्वतःहून तळलेले बोंबील मागितले. बालवाडीच्या तक्त्यांची अक्षरं त्यांनी रंगवून दिली. कंपनीत स्टोअरमध्ये बसवलंय, तिथे वैतागतात. वैतागतात हे ऐकून वागळे खूश झाले. तीन महिन्यांपूर्वी त्याला वैतागायचाही कंटाळा होता.

सहाव्या महिन्यात एका दुपारी सुजाता आली. खोलीत कोणी नव्हतं. "काल आमचं भांडण झालं," म्हणाली. "मी एक बोलले की हे दोन. मला तोंड उघडू देईनात."

"कशावरून?"

"सासूबाईंच्या चष्म्यावरून. ते जाऊ दे. मॅडम, लगेच बोलत होते. लगेच." मग खिडकीकडे बघत तिने हळूच सांगितलं, "आणि आता पाठ करून झोपत नाहीत."

मी पुढे काही विचारलं नाही. तिने चहा घेतला आणि गेली.

परब पुढे प्रेस शॉपमध्ये परत गेला. आजार पूर्ण संपला असं मात्र नाही. दोन वर्षांनी तो पुन्हा आला. या वेळी एकटा, आईला न सांगता, सरळ दुसऱ्या मजल्यावर. वागळ्यांना म्हणाला, "परत उत्तरं उशिरा यायला लागलीत. म्हटलं, सुजाताच्या लक्षात यायच्या आधी यावं." सुजाता त्याच्या मागोमाग जिना चढून आली. तिच्या लक्षात चार दिवस आधीच आलं होतं.

मी त्यानंतर वीसेक वर्षं काम केलं. खराब रिपोर्ट आला की आम्ही सगळे कामाला लागायचो. कानाला लावायचं मशीन कुठलं द्यायचं, ऑपरेशन करायचं का, पुन्हा कधी बोलवायचं. नॉर्मल आला की शिक्का मारून पेशंटला दारापर्यंत पोचवायचो. त्या गुरुवारनंतर मी एक बदल केला. ज्याचा रिपोर्ट नॉर्मल येईल त्याला मी खुर्चीवर बसायला सांगायचे आणि विचारायचे, मग तुम्ही इथपर्यंत आलात कशासाठी? बहुतेक जण म्हणायचे, खात्री करून घ्यायला. काही जण गप्प बसायचे. त्यांच्यासाठी मी पुढच्या पेशंटला थांबवायचे. बाहेरची लाइन लांबायची आणि सबनीस सर ओरडायचे, पण त्यांनी कधी थांबवलं नाही.